जुन्या संगणकावर लिनक्स कर्नल अडतो तेव्हा: बिघाडाची पहिली ओळ कशी पकडायची

कर्नल पॅनिक झाला, म्हणजे यंत्रणेचा गाभा असलेला कर्नल चूक सावरता न आल्याने थांबला, की बहुतेक जण पडद्यावरची शेवटची ओळ वाचतात आणि तीच घेऊन उत्तर शोधत फिरतात. शेवटच्या ओळीत फक्त कर्नल थांबल्याचं कळतं. तो का थांबला, हे तिच्या वीस-तीस ओळी वर लिहिलेलं असतं आणि तोवर ते पडद्यावरून वर सरकून गेलेलं असतं. जुन्या यंत्रात तर कर्नल बहुतेक वेळा निरोप्याचंच काम करतो. दुखणं रॅममध्ये, केबलमध्ये, फुगलेल्या कपॅसिटरमध्ये असतं आणि लोक कर्नल बदलत बसतात. म्हणून आधी पहिली ओळ पकडा, मग लोखंड, म्हणजे हार्डवेअर, तपासा आणि कर्नलला हात सगळ्यात शेवटी लावा.

इथली उदाहरणं डेबियन १२ या लिनक्स वितरणावरची आहेत. यंत्रं साधारण २००४ ते २०१४ मधली: पेंटियम ४, पेंटियम एम, कोअर २ ड्युओ, ॲटम आणि त्या काळातले सेलेरॉन. आज्ञा आणि कर्नलचे पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे. फाइलमधल्या ज्या नावांना मोठी अक्षरं लागतात, तिथे तसं सांगितलं आहे.

प्रोसेसर आणि कर्नल जुळतात का

यंत्र सुरू होताच दोन-तीन ओळी दाखवून थांबत असेल, तर प्रश्न बहुधा इथेच सुटतो. ‘या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, पण आय६८६ सापडला’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर ३२ बिटच्या प्रोसेसरवर ६४ बिटचा कर्नल चढवलेला आहे. ३२ बिटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कवर न बसवता ज्यावरूनच लिनक्स चालतं) यंत्र चालू करून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्या आणि फ्लॅग्जच्या यादीत ‘एलएम’ ही दोन अक्षरं शोधा. ती असतील तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे. नावावर विसंबू नका. कोअर २ ड्युओ ६४ बिटचा आहे, पण त्याच्या आधीचा कोअर ड्युओ नाही. पेंटियम ४ मध्ये सुरुवातीचे नमुने ३२ बिटचे आणि नंतरचे बरेचसे ६४ बिटचे आहेत.

‘पीएई नाही’ अशी तक्रार आली (पीएई म्हणजे ३२ बिटच्या प्रोसेसरला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरू देणारी सोय) आणि प्रोसेसर पेंटियम एम असला, तर लगेच हार मानू नका. या मालिकेतले बरेच प्रोसेसर पीएई करू शकतात, फक्त आपल्याजवळ ते आहे असं जाहीर करत नाहीत. बूटच्या ओळीत (ती कशी बदलायची ते पुढच्या भागात आहे) ‘फोर्सपीएई’ हा शब्द टाकला की काम होतं. ही सोय लिनक्स ३.१५ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. तरीही अडलं तर ‘६८६-पीएई’ ऐवजी साधं ‘६८६’ नावाचं कर्नल पॅकेज घ्या.

३२ बिटच्या यंत्रासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे, ना कर्नल. अशा यंत्रावर डेबियन १२ चांगलं चालत असेल तर १३ वर जाऊ नका. एएमडी जिओडसारख्या प्रोसेसरना तर १२ सुद्धा चालत नाही, कारण १२ ला लागणारी प्रोसेसरची एक सूचना (इन्स्ट्रक्शन) त्यांच्यात नाही.

पहिली ओळ कशी पकडायची

यंत्र चालू करताना शिफ्ट दाबून धरा, बायोसऐवजी नवी यूईएफआय यंत्रणा असेल तर एस्केप टिचकत राहा. ग्रबचा (कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला की कर्नलच्या नावावर थांबून ‘इ’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, हीच बूटची ओळ. तिच्या शेवटी ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ असे शब्द असतील ते पुसून टाका आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल एकाच वेळेपुरता टिकतो, त्यामुळे निर्धास्त प्रयोग करा. आता सगळ्या ओळी धावताना दिसतील. मोबाइल समोर टेकवून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा, नंतर एकेक चौकट थांबवून वाचता येतं.

वाचताना काय शोधायचं? ‘ऊप्स’ (कर्नलमध्ये झालेल्या चुकीची नोंद) हा शब्द आला की त्याच ओळीत चौकटी कंसात एक अंक असतो: #१, #२, #३. अंक १ असलेलाच ऊप्स महत्त्वाचा. बाकीचे त्याच्या पडझडीतून आलेले असतात. पडद्यावर #३ दिसत असेल, तर खरी ओळ तुमच्या हाती अजून लागलेली नाही. थोडं खाली ‘टेंटेड’ या शब्दापुढे काही मोठी अक्षरं असतात, तीही बोलकी आहेत. ‘डी’ म्हणजे याआधीच एक ऊप्स होऊन गेला आहे, वर जा. ‘एम’ म्हणजे प्रोसेसरनेच हार्डवेअरची चूक कळवली आहे. मग कर्नल बदलण्यात एक मिनिटही घालवू नका. ‘पी’ किंवा ‘ओ’ म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर बसवलेला आहे. तो काढून पुन्हा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

यंत्र पुन्हा चालू होत असेल तर मागच्या खेपेची नोंद अशी पाहा:

जर्नलसीटीएल -के -बी -१

नोंद मिळाली नाही, तर ‘/वार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी आहे का ते बघा. नसेल तर तयार करून यंत्र पुन्हा सुरू करा, म्हणजे पुढच्या वेळेपासून नोंदी डिस्कवर टिकतील. खऱ्या पॅनिकमध्ये मात्र शेवटच्या ओळी डिस्कपर्यंत पोचतच नाहीत. डिस्कला लिहायला सांगणारा कर्नलच थांबलेला असतो.

इथे जुन्या यंत्राचा एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे मागे असलेलं नऊ पिनांचं सीरियल पोर्ट. नल मोडेम केबल (दोन संगणकांची सीरियल पोर्ट थेट जोडणारी) आणि दुसऱ्या संगणकासाठी यूएसबी-सीरियल अडॅप्टर घ्या. बूटच्या ओळीत लिहा:

कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००

(‘टीटीवायएस’मधला एस तेवढा मोठा.) दुसऱ्या संगणकावर ‘स्क्रीन’ ही आज्ञा देऊन ११५२०० वेगाने तेच पोर्ट उघडा. पॅनिकची शेवटची ओळसुद्धा तिकडे पोचते. लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसेल तर ‘नेटकन्सोल’ मॉड्यूल (कर्नलला जोडता येणारा तुकडा) तारेच्या नेटवर्कवरून हेच काम करतं. वायफायवर त्याचा भरवसा धरू नका.

पडदा गोठला आणि पीएस/२ कीबोर्डवरचे कॅप्स लॉक, स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकू लागले, तर तो पॅनिकच. यूएसबी कीबोर्डवर ही खूण मिळत नाही, म्हणून एक जुना पीएस/२ कीबोर्ड जपून ठेवा.

लोखंड आधी तपासा

एक ढोबळ नियम फार उपयोगी पडतो. दर वेळी वेगळ्याच फंक्शनमध्ये (कोडच्या तुकड्यात) ऊप्स होत असेल, कधी ब्राउझर उघडताना, कधी काहीच चालू नसताना, तर संशय रॅम आणि पॉवर सप्लायवर घ्या. दर वेळी त्याच ड्रायव्हरचं, त्याच फंक्शनचं नाव येत असेल, तर कर्नल किंवा तो ड्रायव्हर.

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ वापरा. डेबियनमध्ये ते पॅकेज टाकलं की ग्रबच्या मेनूत आपोआप येतं. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या, जमल्यास रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दिसली तरी रॅम नापास. ‘एकच तर आहे’ असं म्हणून सोडायचं नाही. मग यंत्र बंद करा, वायर काढा, लॅपटॉपची बॅटरीही काढा आणि रॅमच्या पट्ट्या बाहेर काढून एकेक पट्टी एकेका खाचेत लावून पुन्हा चाचणी घ्या. चूक पट्टीबरोबर फिरत असेल तर पट्टी खराब, खाचेबरोबर राहत असेल तर मदरबोर्ड.

पट्टी फेकण्याआधी तिचे सोनेरी दात साफ करा. कोकण किनाऱ्यावर, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यानंतर जुन्या यंत्रांची रॅम रुसते त्याचं कारण बहुतेक वेळा दातांवर बसलेला दमट मळ असतो. मऊ पांढरा खोडरबर दातांवर एकाच दिशेने, कडेकडे, हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा. वाळूचा निळा किंवा करडा खोडरबर नको, तो सोन्याचा मुलामाच खरवडून काढतो. रबराचा भुसा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, दोन मिनिटं वाळू द्या आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टकदिशी बसेपर्यंत पट्टी दाबा.

रॅम बोर्डावर डकवलेली असेल आणि चूक एकाच जागी येत असेल, तर तेवढा तुकडा कर्नलला वापरू न देण्याची सोय आहे. मेमटेस्टने चुकीची जागा ७५६ एमबीच्या पुढची दाखवली, तर बूटच्या ओळीत ‘मेममॅप=१एम$७५६एम’ टाका (दोन्ही एम मोठे). अर्थ असा, की ७५६ एमबीपासून पुढची १ एमबी सोडून दे. ग्रबच्या संपादकात डॉलरच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते आणि ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये तीन. त्या विसरल्या तर ग्रब डॉलरपासूनचा भाग गिळून टाकतो आणि कर्नलला फक्त ‘मेममॅप=१एम’ मिळतं. म्हणजे वापरायला सगळी मिळून १ एमबी, आणि यंत्र सुरूच होत नाही.

पॉवर सप्लाय मल्टिमीटरने तपासा, तेही यंत्रावर भार असताना. चार पिनांच्या जुन्या मोलेक्स जोडणीत पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, काळ्या दोन्ही ग्राउंडच्या. १२ ची मर्यादा ११.४ ते १२.६, पाचची ४.७५ ते ५.२५. डिस्क फिरायला लागताच १२ व्होल्ट खाली घसरत असेल तर कर्नलमधल्या ‘डिस्क गायब झाली’ या ओळींचं मूळ तिथेच आहे. पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, आत वीज साठून राहते. मदरबोर्डवर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर मात्र नुसत्या डोळ्यांनी बघा. वरचा पत्रा सपाट हवा. फुगलेला, तपकिरी डाग सुटलेला किंवा बुडाने कललेला असेल तर तो गेला. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जरा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) असाच घ्या. साधा कपॅसिटर बसवला तर थोड्याच काळात पुन्हा तेच होऊ शकतं. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर सदोष कपॅसिटर फार मोठ्या प्रमाणात लागले होते, त्यामुळे पेंटियम ४ च्या यंत्रांत ही तपासणी टाळू नका.

डिस्कच्या तक्रारी कर्नलच्या नोंदीत ‘एटीए१.००’ अशा नावाने येतात. त्यातलं कंसातलं एकच नाव नीट वाचा. ‘यूएनसी’ असेल तर डिस्कचा पृष्ठभाग वाचता येत नाही, आधी माहिती दुसरीकडे उतरवून घ्या आणि बाकीचं नंतर. ‘आयसीआरसी’ असेल तर माहिती वाटेत बिघडते आहे. दोष केबलचा किंवा जोडणीचा, डिस्क चांगली असू शकते. खात्रीसाठी:

स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

यात ओळ क्रमांक ५ आणि १९७ वाढत असतील तर डिस्क चालली, १९९ वाढत असेल तर केबल बदला. जुन्या आयडीई डिस्कला ८० तारांची केबल लागते. ४० तारांची लावली तर वरचे वेग मिळत नाहीत. केबल बदलूनही साटा डिस्क ‘रिसेट’ होत राहिली तर ‘लिबएटीए.फोर्स=नोएनसीक्यू’ हा पर्याय टाकून बघा. काही जुन्या कंट्रोलरांना रांगेतल्या आज्ञा झेपत नाहीत.

उष्णतेची ओळ स्पष्ट असते: तापमान मर्यादेच्या वर गेलं, वेग कमी केला. फॅनमधला धुळीचा नमदा काढा, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, मुगाच्या दाण्याएवढी पुरते.

बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची असते. ती उतरली की तारीख मागे जाते, बायोसच्या सेटिंग मूळ पदावर येतात, आणि डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून आयडीई होते किंवा उलट. काल चालणारं यंत्र आज अचानक बूट होत नाही, तेव्हा या स्वस्त बॅटरीकडे आधी बघा.

रूट सापडत नाही

‘अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ हा जुन्या यंत्रावर नेहमी दिसणारा पॅनिक. रूट म्हणजे डिस्कचा जिथे सगळी यंत्रणा आहे तो भाग. कंसातले अंक वाचा. ०,० म्हणजे कर्नलला डिस्कच दिसली नाही, बहुधा इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) तयारच झालं नव्हतं. ८,१ म्हणजे पहिल्या डिस्कचा पहिला भाग दिसला, पण त्यावरची फाइल सिस्टिम उघडता आली नाही.

०,० चं नेहमीचं कारण म्हणजे भरून गेलेलं ‘/बूट’, म्हणजे कर्नलच्या फाइली असतात ती जागा. जुन्या काळी त्याला १०० किंवा २०० एमबीचा वेगळा भाग देत असत. आजचा कर्नल आणि इनिट्रॅमएफएस मिळून दोनतीनदा बसले की जागा संपते, अपडेट मध्येच अडकतं आणि ग्रबमध्ये अर्धवट कर्नल पहिल्या क्रमांकावर येतो. ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडून यंत्र सुरू करा आणि मग या क्रमाने:

डीएफ -एच /बूट
सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज
सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल
सुडो अपडेट-ग्रब

एक चालता जुना कर्नल नेहमी ठेवा. जागा तरीही अपुरी पडली तर ‘/ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/इनिट्रॅमएफएस.कॉन्फ’मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ऐवजी ‘डेप’ लिहा (‘मॉड्यूल्स’ मोठ्या अक्षरांत आहे). फाइल निम्म्याहून लहान होऊ शकते. पण त्यात त्याच यंत्राचे ड्रायव्हर राहतात. तीच डिस्क उद्या दुसऱ्या यंत्रात लावली तर पुन्हा ०,० दिसेल. डिस्का इकडून तिकडे हलवणाऱ्यांनी ‘मोस्ट’च ठेवावं.

एकही कर्नल चालत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून रूटचा भाग ‘/एमएनटी’वर जोडा, ‘/बूट’ वेगळं असेल तर तेही जोडा, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ हे तिन्ही ‘माउंट --बाइंड’ने आत आणा, ‘सीएचरूट /एमएनटी’ करा आणि शेवटच्या दोन आज्ञा आत द्या. लाइव्ह यंत्रणा ६४ बिटची आणि आतली ३२ बिटची असली तरी चालतं. उलट मात्र नाही.

फार जुन्या स्थापनेत फाइल सिस्टिमच्या यादीत ‘/डेव्ह/एचडीए१’ असं नाव असतं. जुने आयडीई ड्रायव्हर लिनक्स ५.१४ मध्ये, २०२१ साली काढून टाकले. आता आयडीई डिस्कही ‘एसडीए’ म्हणूनच दिसते. ‘बीएलकेआयडी’ने यूयूआयडी (त्या भागाचा ओळखक्रमांक) काढून ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये तो लिहा.

काळा पडदा, गोठणं आणि इंटरप्ट

बूटच्या ओळी पळतात आणि मध्येच पडदा काळा होतो, पण डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो: कर्नल जिवंत आहे, ग्राफिक्स ड्रायव्हर अडला आहे. बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ टाका. चित्र आलं की थांबू नका, हा पर्याय निदानासाठी आहे. कायम ठेवला तर यंत्र रखडत चालतं. एटीआय-एएमडीच्या जुन्या कार्डांना बहुतेकदा फर्मवेअर हवं असतं. ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ पॅकेज टाकून ‘नोमोडसेट’ काढा. इंटेल ८१०, सॅव्हेज, एसआयएस असल्या फार जुन्या चिपांचे डीआरआय (थ्रीडीसाठीचे) ड्रायव्हर लिनक्स ६.३ पासून गेले आहेत. त्यांना नवा कर्नल दिला तरी थ्रीडी परत येणार नाही.

‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ आणि खाली ‘डिसेबलिंग आयआरक्यू’ असं आलं, की त्या क्रमांकावरचं उपकरण रांगायला लागतं (आयआरक्यू म्हणजे उपकरण प्रोसेसरचं लक्ष वेधतं ती इंटरप्टची वाट). ‘कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स’ने १६ वर कोण कोण बसलंय ते बघा. डेस्कटॉपमध्ये पीसीआय कार्ड दुसऱ्या खाचेत हलवणं हा सर्वांत चांगला उपाय. ते जमत नसेल तरच ‘आयआरक्यूपोल’.

सुरुवातीलाच यंत्र गोठत असेल तर पर्याय एकेक करून, याच क्रमाने टाका: ‘पीसीआय=नोएमएसआय’, ‘एसीपीआय=नोआयआरक्यू’, ‘नोएपीआयसी’, ‘नोलॅपिक’, आणि अगदी शेवटी ‘एसीपीआय=ऑफ’. पाचही एकदम टाकणं ही नेहमीची चूक आहे. यंत्र सुरू होतं, पण कशामुळे ते कळत नाही. ‘एसीपीआय=ऑफ’ने बॅटरीची माहिती, तापमान आणि आपोआप बंद होणं जातं, कधी दुसरा कोअरही जातो.

बे ट्रेल पिढीच्या यंत्रांची, म्हणजे सेलेरॉन एन२८४०, जे१९०० आणि त्यांची भावंडं, गोठण्याची तक्रार वेगळी आहे. कसलीही ओळ न लिहिता ती गोठतात, बहुधा व्हिडिओ बघताना. प्रोसेसर खोल झोपेतून नीट उठत नाही. ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ टाका. बॅटरी जरा लवकर संपेल, पण गोठणं थांबलं तर निदान पक्कं.

‘क्लॉकसोर्स टीएससी अनस्टेबल’ ही ओळ कोअर २ ड्युओवर दिसली तर घाबरू नका. झोपेत ते घड्याळ थांबतं, कर्नल दुसऱ्या घड्याळावर जातो. बिघाड नाही. आणि ४ जीबी रॅम लावूनही ३.२ च्या आसपासच दिसत असेल, चिपसेट ९४५ मालिकेचा असेल, तर तीच त्या चिपसेटची मर्यादा. पर्याय बदलत बसू नका.

पर्याय सापडला, आता पक्का करा

‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ उघडा, ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ या मोठ्या अक्षरांतल्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत पर्याय लिहा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. यंत्र पुन्हा सुरू करून ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ने तो खरंच पोचलाय का ते तपासा. ज्या ड्रायव्हरमुळे ऊप्स येतो आणि ज्याची गरज नाही (कार्ड रीडर, मोडेम, फायरवायर), त्यासाठी ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल करून ‘ब्लॅकलिस्ट’ आणि पुढे मॉड्यूलचं नाव लिहा, मग इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवा.

लोखंड निर्दोष ठरलं, आधीचा कर्नल चालतो आणि नवा त्याच फंक्शनमध्ये पडतो, तर तो कर्नलचा खरा दोष. ‘युनेम -आर’ने चालत्या कर्नलचा पूर्ण क्रमांक काढा, ‘लिनक्स-इमेज-’पुढे तो जोडला की पॅकेजचं नाव मिळतं. ‘सुडो एपीटी-मार्क होल्ड’ला ते नाव द्या. नवे कर्नल तरीही येत राहतील, म्हणून ‘लिनक्स-इमेज-६८६-पीएई’ किंवा ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ हे वरचं पॅकेजही थांबवा. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेव्हापासून मिळत नाहीत. असं यंत्र इंटरनेटवर उघडं ठेवू नका आणि दर नव्या आवृत्तीला एकदा ‘अनहोल्ड’ करून पाहा.

दोष कळवताना ‘रिपोर्टबग’ वापरा. शेवटचा चालता क्रमांक, पहिला न चालता क्रमांक, #१ ऊप्सचा पूर्ण मजकूर, ‘एलएसपीसीआय -एनएन’चं उत्तर आणि मेमटेस्टच्या किती फेऱ्या स्वच्छ गेल्या तो आकडा, हे सगळं एकाच पत्रात जोडा.